फॅक्टरीतून थेट कार्बन फ्रेम मागवायची आहे, दर्जा कसा ओळखायचा?

रस्तेभटक्या:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक चालवतोय, आता कार्बन डिस्क फ्रेम घ्यायचं डोक्यात पक्कं झालंय. नावाजलेल्या ब्रँडचा फ्रेमसेट बजेटमध्ये बसत नाही म्हणून चीनमधल्या फॅक्टऱ्यांकडून थेट मागवायचं बघतोय. बहुतेक सगळे शियामेन नाहीतर शेन्झेन-डोंगग्वान भागातले. काही जणांशी चॅटवर बोलणंही झालं. माणसं बोलायला चांगली, विचारलं की लगेच उत्तर येतं, पण उत्तर सगळ्यांचं एकच, टी८०० कार्बन, टॉप क्वालिटी, टेस्ट पास. एक म्हणतो आमची टी१०००, दुसरा म्हणतो टी१००० आणि एम४०जे मिक्स, आणि दोघांनी पाठवलेले फोटो त्याच फ्रेमचे, मागचा पडदासुद्धा तोच.

माझं वजन ८६ किलो, मोठ्या उतारावर स्पीड सत्तरच्या आसपास जातो. पैसे वाया गेले तर वाईट वाटेल पण चालेल, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, दगा देऊन चालणार नाही. तर मागवण्याआधी नेमकं काय विचारायचं, आणि फ्रेम हातात आल्यावर बाइक बिल्ड करण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येतं? "बघून चांगली वाटली" याच्या पुढचं काहीतरी हवंय. ज्यांनी अशा फ्रेम उघडून, मोजून बघितल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पेडलपुराण:
अगदी हाच प्रश्न माझा. वाचतोय.

थरावरथर:
टी८०० की टी१००० हा विषय आधी बाजूला काढू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी कंपोझिट पार्ट्सच्या कामात आहे, सायकलच्या नाही, पण प्रीप्रेग (रेझिन, म्हणजे चिकट राळ, आधीच लावलेली कार्बनची शीट), मोल्ड, ओव्हन हे रोजचंच.

हे नंबर जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांचे आहेत. टी७००एस घेतला तर ताण सोसायची ताकद ४९०० मेगापास्कल आणि मॉड्युलस, म्हणजे कडकपणा, २३० गिगापास्कल. टी८००एस चे आकडे ५८८० आणि २९४. टी१०००जी चे ६३७० आणि परत २९४च. म्हणजे टी८०० वरून टी१००० वर गेलात तर ताकद थोडी वाढते, कडकपणा आहे तेवढाच राहतो, आणि तरी सेल्सवाले "टी१००० म्हणजे जास्त स्टिफ" असं सांगतात. एम४०जे वेगळ्या जातीचा धागा, कडकपणा ३७७ पण ताकद ४४०० च्या आसपास, आणि तुटायच्या आधी तो जेमतेम १.२ टक्के ताणला जातो, टी७०० मात्र २.१ टक्के. म्हणून अख्खी फ्रेम एम४०जे ची कोणी करत नाही, करू पण नये. बॉटम ब्रॅकेटकडे (बीबी, जिथे क्रँकचा दांडा फिरतो) किंवा डाउनट्यूबला (पुढून बीबीकडे उतरणारी नळी) मोजक्या पट्ट्या टाकतात आणि बाकी सगळं टी७०० च्या वर्गातलं. "टी१००० फ्रेम" याचा अर्थ आत कुठेतरी टी१००० ची एखादी पट्टी आहे इतकाही असू शकतो. वर हे सगळे आकडे नुसत्या धाग्याचे, रेझिनमध्ये बसून थर झाल्यावरचे नव्हेत. आणि तयार फ्रेम बघून आत कुठला धागा आहे हे डोळ्यांनी सांगणं कुणालाच शक्य नाही. ती वरची चौकड्यांची ३के वीण पण निव्वळ दिसण्यासाठी असते, उलट तिने थोडं वजन वाढतं.

मग दर्जा कुठे ठरतो, तर थर कुठे किती आणि कुठल्या दिशेने टाकले त्यात, आणि ते एकमेकांवर किती घट्ट दाबून शिजले त्यात. फ्रेम बनते कशी ते बघा. रेझिन लावलेल्या कार्बनच्या शीटमधून शेकडो तुकडे कापतात, माणसं हातांनी ते तुकडे ठरलेल्या क्रमाने आतल्या फुग्यावर किंवा गाभ्यावर गुंडाळतात, मग लोखंडी मोल्ड बंद करून गरम करतात आणि फुग्यात हवा भरतात म्हणजे थर मोल्डच्या भिंतीवर दाबले जातात. फुगा कोपऱ्यात नीट पोचला नाही की तिथे थर दबत नाहीत, हवेची पोकळी राहते किंवा थरांना सुरकुती पडते. हे होतं कुठे, तर नेमकं जिथे नळ्या मिळतात तिथे, म्हणजे बीबी आणि हेडट्यूबपाशी (फोर्क जिच्यातून वर जातो ती पुढची नळी), आणि सगळ्यात जास्त लोडही तिथेच. सुरकुतलेला धागा सरळ धाग्याइतका दाब पेलत नाही, धाग्याची सगळी ताकद त्याच्या सरळपणात आहे. चांगल्या फॅक्टऱ्या अशा जागी थर्माकोलसारखा घट्ट ईपीएसचा गाभा आणि त्यावर लेटेक्सचं आवरण वापरतात, गाभ्यालाच नळीचा आकार असल्यामुळे आतली बाजू स्वच्छ निघते. साधी नायलॉनची पिशवी वापरली तर स्वस्त पडतं, पण सुरकुत्या जास्त.

अजून एक. प्रीप्रेग उणे १८ अंशाला फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं, बाहेर काढलं की त्याचं आयुष्य मोजायला लागतं. जुनं झालेलं प्रीप्रेग मोल्डमध्ये नीट वाहत नाही. म्हणून सेल्सवाल्याला ग्रेड विचारण्यापेक्षा हे विचारा: आत गाभा कसला वापरता, मोल्ड तुमचा स्वतःचा की कुणाकडून फ्रेम घेऊन विकता, त्याच मॉडेलच्या फ्रेमची कट केलेली बीबी दाखवू शकता का. ज्याच्याकडे खरंच प्रॉडक्शन आहे त्याच्याकडे रिजेक्ट झालेल्या फ्रेम पडलेल्या असतात, त्याला एक कापून फोटो पाठवायला जड जात नाही. जो नुसता ट्रेडर आहे तो इथे अडकतो. दोघांकडून एकच फोटो आला म्हणालात, ते बहुतेक ओपन मोल्ड आहे, म्हणजे एकाच फॅक्टरीचा आकार चार जण विकतायत. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्ही ज्याच्याशी बोलताय त्याने ती बनवलेली नाही एवढं लक्षात असू द्या.

आणि पेंट. ऑर्डर देताना पेंट नको सांगा, नुसता मॅट क्लिअर कोट मागा. मोल्डमधून निघालेल्या फ्रेमला छिद्रं असतात, ती पुटीने भरून घासतात, इथवर ठीक आहे, पण घासता घासता वरचा धागा पण कापला जातो आणि जाड पेंटखाली काय केलंय ते मग कुणालाच कळत नाही. क्लिअर कोटमधून पुटीचे ठिपके, घासून अर्धवट झालेल्या पट्ट्या, जोडांची जागा सगळं दिसतं. "अनपेंटेड देतो पण कॉस्मेटिकची गॅरंटी नाही" असं म्हणाले तर हरकत नाही, आपल्याला तेच बघायचंय.

पानाआणिग्रीस:
थरावरथर दादांनी आतलं सांगितलं, मी वर्कशॉपमधलं सांगते. बाइक बिल्ड करणं हेच माझं काम आहे आणि अशा फ्रेम सतत येतात. काही इतक्या सरळ निघतात की ब्रँडवाल्यांनी बघून घ्यावं, काही परत पाठवाव्या लागतात. माझा अनुभव असा की लोक फ्रेम तुटेल का या भीतीत असतात, पण रोजचा त्रास होतो तो बेअरिंगच्या जागांमुळे. आवाज, ढिला हेडसेट, महिन्यात खराब होणारी बीबी.

म्हणून पहिलं म्हणजे बीबी थ्रेडेड, म्हणजे आट्यांची, घ्या. बीएसए किंवा टी४७. प्रेसफिटमध्ये, म्हणजे दाबून बसवायच्या प्रकारात, बीबी८६ ला भोक ४१ मिलिमीटर, पीएफ३० ला ४६, आणि ही भोकं गोल असून भागत नाही, दोन्ही बाजू एका रेषेत पण हव्यात. कार्बनमध्ये मोल्डच्या भरवशावर सोडलं तर ते जमत नाही, नंतर मशीनवर करावं लागतं आणि तीच पायरी गाळली जाते. थ्रेडेडमध्ये निदान अ‍ॅल्युमिनियमची एक नळी असते जी एका सेटिंगमध्ये कापलेली असते, कप हाताने फिरवून बघितला की कळतं. दोन्ही कप बोटांनी शेवटपर्यंत गेले पाहिजेत. फक्त ती नळी कार्बनमध्ये चिकटवताना मध्ये ग्लास फायबरचा थर आहे का हे फॅक्टरीला जरूर विचारा, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन थेट टेकले आणि घामाचं खारट पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि जोड सुटतो.

दुसरं हेडट्यूब. इथे जरा वेळ द्या, कारण फोर्कचं सगळं लोड खालच्या बेअरिंगमधून जातं. बेअरिंग कोरडं असतानाच जागेत ठेवा. हाताच्या दाबाने बसलं पाहिजे आणि बोटाने एका कडेला दाबलं तर दुसरी कड उचलली जाता कामा नये. मग बेअरिंगच्या तिरक्या कडेला, ती बहुतेक ४५ अंशाची असते, परमनंट मार्करची शाई लावा, ओली असतानाच बेअरिंग जागेत टेकवून थोडं इकडे तिकडे फिरवा आणि उचला. शाईचं कडं फ्रेमवर पूर्ण गोल उमटलं तर जागा बरोबर आहे. दोन-तीन ठिकाणीच ठिपके उमटले तर बेअरिंग तेवढ्याच बिंदूंवर टेकलंय. कधीकधी तिथे नुसता पेंट किंवा रेझिनचा थेंब असतो, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून निघतो, पुन्हा शाई लावा आणि बघा. पण खरवडण्यासारखं काही नाही आणि तरी कडं अर्धंच येतंय तर फोटो काढा आणि फॅक्टरीला पाठवा, घासायला जाऊ नका. हेच फोर्कच्या मुळाशी जिथे बेअरिंग बसतं तिथेही करा.

तिसरं, फ्रेम सरळ आहे का. हेडट्यूबला दोरी अडकवून दोन्ही टोकं मागे ड्रॉपआउटला, म्हणजे मागचं चाक बसतं तिथे, बांधा, सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. मिलिमीटर-दोन मिलिमीटर चालतंय. मग चाक, रोटर आणि कॅसेट काढून सरळ बसवा, चेनस्टेमधलं (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) अंतर बघा, मग तेच चाक उलटं बसवून परत बघा. दोन्ही वेळा चाक फ्रेमच्या त्याच बाजूला झुकतंय तर फ्रेममध्ये गडबड, बाजू बदलली तर चाकाचं सेंटरिंग गेलंय. थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा) चाक न लावता नुसता घालून बघा, हाताने सरळ गेला पाहिजे.

बाकी पटकन: डिस्कच्या फ्लॅट माउंटवर पेंटचा जाड थर नको, कॅलिपर सपाट टेकला पाहिजे. डिरेलर हँगर (मागचा गिअर ज्यावर लटकतो तो तुकडा) यूडीएच असेल तर उत्तम, स्रॅमने २०१९ मध्ये आणलेलं ते स्टँडर्ड आहे, कुठेही मिळतं. नसेल तर ऑर्डरमध्येच दोन हँगर जास्तीचे घ्या, आणि सीटपोस्टचा तो आतला वेज पण, कारण उद्या त्या मॉडेलचा मोल्ड बंद झाला तर तो तुकडा शोधत बसाल. वजन पण करा. सांगितल्यापेक्षा थोडी जड आली तर फारसं मनावर घेऊ नका, पेंट आणि साइजने फरक पडतोच. सांगितल्यापेक्षा बरीच हलकी आली तर मात्र मी खूश होणार नाही, थर कुठे कमी झाले हा प्रश्न विचारेन.

रस्तेभटक्या:
बापरे, तुम्ही दोघांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. थ्रेडेड बीबी आणि मॅट क्लिअर पक्कं. दोन गोष्टी अजून. एका फॅक्टरीने टेस्ट रिपोर्टची पीडीएफ पाठवली आहे, आयएसओ ४२१० लिहिलंय आणि सगळीकडे पास. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि फोनला लावायचा एंडोस्कोप माझ्याकडे आहे, पण आत घालून बघितलं तर चांगलं काय आणि वाईट काय हे ओळखणार कसं?

कागदपाहणी:
रिपोर्टचं मी सांगतो. आयएसओ ४२१० हे सायकलच्या सुरक्षिततेचं स्टँडर्ड, त्यातला भाग ६ फ्रेम आणि फोर्कच्या टेस्टचा. हा भाग २०१४ ला आला, २०२३ ला सुधारला. रेसिंग प्रकारात पेडलच्या जागी ११०० न्यूटनचा जोर आळीपाळीने देतात, १,००,००० वेळा, आणि चीर पडता कामा नये. शिवाय २२.५ किलोचं वजन वरून सोडून आघाताची टेस्ट, फोर्कच्या वेगळ्या टेस्ट. म्हणजे टेस्ट खरी झाली असेल तर हा रिपोर्ट मोलाचा आहे. प्रश्न एवढाच की टेस्ट कशाची झाली.

पीडीएफ उघडून शेवटचं पान न बघता पहिलं बघा. मॉडेल नंबर तुम्ही घेताय तोच आहे का, की "कार्बन रोड फ्रेम" असं मोघम लिहिलंय? साइज कुठली? फोर्क कुठला लावला होता, कारण तुम्हाला वेगळा फोर्क देत असतील तर फोर्कचा भाग तुमच्या कामाचा नाही. सॅम्पलचा फोटो आहे का, आणि फोटोतली केबलची भोकं, सीटस्टेचा जोड तुमच्या फ्रेमसारखा आहे का, इथे बऱ्याचदा जुनं मॉडेल सापडतं. टेस्ट रोड प्रकाराची आहे का, कुठल्या वर्षाच्या आवृत्तीप्रमाणे आहे. लॅब फॅक्टरीचीच की बाहेरची? बाहेरची असेल तर रिपोर्ट नंबर घेऊन थेट लॅबला मेल करा, नंबर खरा आहे का एवढं सांगतात. फॅक्टरीच्या स्वतःच्या लॅबची टेस्ट असली तरी मी ती फेकून देणार नाही, उलट टेस्ट चालू असतानाचा व्हिडिओ मागा, मशीन स्वतःचं असेल तर देतील.

रिपोर्टमधून एक गोष्ट कळत नाही आणि ती महत्त्वाची. टेस्ट झाली त्या एका सॅम्पलची. तुमच्या घरी येणारी फ्रेम कदाचित दोन वर्षांनी, दुसऱ्या शिफ्टमध्ये, दुसऱ्या हातांनी बनलेली. म्हणून फ्रेमवर सिरियल नंबर आहे का आणि त्यावरून फॅक्टरी बनवल्याची तारीख आणि बॅच सांगू शकते का हे विचारा. ज्यांना सांगता येतं त्यांच्याकडे काहीतरी व्यवस्था आहे.

आणि यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, स्टिकरला भुलू नका. २०११ पासून ते लेबल सुरू झालं, त्यात फ्रेमचा आकार आणि मापं नियमात बसतात का हे बघितलं जातं, ताकदीची टेस्ट ती नव्हे. त्याचा उपयोग एवढा की मंजूर फ्रेमची यादी यूसीआयच्या साइटवर असते, तिथे मॉडेल सापडलं तर निदान हे डिझाइन कुणीतरी स्वतःच्या नावावर नोंदवलंय हे समजतं.

जुनीदोस्ती:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एवढी शोधाशोध करण्यापेक्षा चांगल्या ब्रँडची वापरलेली फ्रेम घ्या. त्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, क्यूसी आहे, आपण घरी दोरी बांधून किती बघणार.

पानाआणिग्रीस:
जुनीदोस्ती, वापरलेली घेतली तरी हे सगळं करावंच लागतं, वर ती कधी आपटली होती का हे कोण सांगणार. कार्बनला बाहेरून ओरखडा पण नसतो आणि आत थर सुटलेले असतात. ब्रँडचा खरा फायदा दुसरीकडे आहे आणि तो मी नाकारत नाही. २०२१ मध्ये स्पेशलाइज्डने टारमॅक एसएल७ परत बोलावली होती, हेडसेटच्या कॉम्प्रेशन रिंगमुळे स्टीअररला (फोर्कची हेडट्यूबमधून वर जाणारी नळी) इजा होऊ शकते म्हणून. रिंग आणि आतला प्लग बदलून दिला. म्हणजे चूक एवढ्या मोठ्या कंपनीकडून पण होते, पण त्यांच्याकडे कुणी कुठली बाइक घेतली याची नोंद होती, डीलर होते, लोकांना निरोप गेला. फॅक्टरीतून थेट घेतलेल्या फ्रेममध्ये उद्या असं काही सापडलं तर तुम्हाला कुणीही फोन करणार नाही. ती जबाबदारी आपण अंगावर घेतोय हे समजून घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर जुनीदोस्ती म्हणतात ते पण बरोबर आहे.

जुनीदोस्ती:
हा मुद्दा पटला. रिकॉलचा विचार मी केला नव्हता.

थरावरथर:
एंडोस्कोपचं. बीबीच्या भोकातून आणि हेडट्यूबमधून दोन्हीकडून घाला, उजेड कमी ठेवा, पूर्ण उजेडात सगळंच चमकतं आणि काही कळत नाही. कॅमेरा भिंतीला समांतर धरा म्हणजे उजेड तिरका पडतो आणि उंचवटे सावलीत दिसतात.

काय बघायचं: आतली भिंत एकसारखी मॅट किंवा हलकी चमकदार, पट्ट्यांच्या कडा स्पष्ट पण सपाट, हे चांगलं. बारीक केसासारख्या रेषा, म्हणजे फुग्याच्या घडीचे रेझिनमध्ये उमटलेले ठसे, याने घाबरू नका, त्यात धागा नसतो. सुरकुती वेगळी दिसते, ती जाड असते, वरवंट्यासारखी उठलेली, आणि नीट बघितलं तर धागाच वळून वर आलेला असतो. अशी सुरकुती नळीच्या लांबीत असेल तर मी थोडं सोडून देईन, पण नळीला आडवी असेल आणि ती पण डाउनट्यूबच्या खालच्या बाजूला हेडट्यूबजवळ किंवा चेनस्टे बीबीला मिळतात तिथे, तर ती फ्रेम मी घेणार नाही. काळसर कोरडे भाग जिथे धागा उघडा सुटा दिसतोय, नखाने उचकटेल असा, ते वाईट, रेझिन पोचलेलं नाही. उलट काचेसारखे रेझिनचे डबके साचलेत तर तिथे थर दबले नाहीत. फुग्याचे तुकडे किंवा ईपीएसचे दाणे आत राहिले तर ताकदीला धोका नाही, पण खडखड आवाज येतो आणि इतकं साफ करायचा पण कंटाळा केला म्हणजे बाकी काय केलं असेल ही शंका येते.

नाण्याने ठोकून बघायचं सगळे सांगतात. करा, पण मर्यादा ओळखून. एकाच नळीवर सरकत सरकत हलकं टकटक करत जा. जाडी बदलते तिथे आवाज हळूहळू बदलतो, ते ठीक. मध्येच एका रुपयाएवढ्या जागेत टणक आवाज जाऊन बद्द आवाज आला आणि पुढे परत टणक झाला तर थर सुटल्याचा संशय घ्यायचा. बीबी आणि हेडट्यूबसारख्या जाड जागी या पद्धतीने काहीही कळत नाही, तिथे अल्ट्रासाउंड लागतं. ऑस्ट्रेलियातले रौल लुशर हे काम करतात, फ्रेम स्कॅन करतात, कापतात आणि आत काय निघालं ते व्हिडिओत दाखवतात. त्यांचे व्हिडिओ मन लावून बघा, सुरकुती आणि पोकळी कशी दिसते याची नजर त्यानेच तयार होते. ब्रँडेड फ्रेममध्ये पण दोष दिसतात आणि साध्या फ्रेम पण कधीकधी स्वच्छ निघतात.

जे काही सापडेल त्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा आणि बिल्ड करण्याआधी फॅक्टरीला पाठवा. पार्ट चढवले की वॉरंटीचं बोलणंच बदलतं.

रस्तेभटक्या:
कळलं. आता शेवटची शंका, फोर्क. तो तर आतून दिसत पण नाही धड, आणि माझी सगळी भीती तिथेच आहे.

पानाआणिग्रीस:
फोर्कचे पाय आतून दिसत नाहीत, पण स्टीअरर दिसतो आणि सगळ्यात जास्त जपायची जागा पण तीच, विशेषतः मुळाशी जिथे स्टीअरर जाड होत क्राउनला (फोर्कचे दोन पाय जोडतात ती जागा) मिळतो. खालून क्राउनच्या भोकातून एंडोस्कोप घालून तिथे आडवी सुरकुती आहे का बघा. बाहेरून स्टीअररवर पेंट नको, उघडा कार्बन हवा, बोट फिरवून खड्डा किंवा घासून चपटी केलेली जागा लागते का बघा. वर बाहेरचा व्यास व्हर्नियरने वेगवेगळ्या दिशांनी मोजा, २८.६ च्या आसपास एकसारखा आला पाहिजे. आता केबल आतून न्यायला काही फोर्कचे स्टीअरर एका बाजूने चपटे असतात, ते डिझाइनच असतं, फक्त मग हेडसेट आणि स्पेसर त्याच फॅक्टरीचे घ्या. स्टीअररच्या आत बसणारा प्लग लांब घ्या, स्टेम जिथे आवळतो ती पूर्ण उंची आतून भरली पाहिजे, आणि स्टार नट (आत ठोकून बसवायची धातूची चकती) चुकूनही ठोकू नका. स्टेमखाली स्पेसर फॅक्टरी सांगेल त्या मर्यादेतच. स्टेमचे बोल्ट त्यावर लिहिलेल्या टॉर्कला, बहुतेक ५ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच, कार्बन पेस्ट लावून.

८६ किलो आणि सत्तरचा स्पीड म्हणालात, तर फॅक्टरीला वजनाची मर्यादा फक्त फ्रेमची न विचारता फोर्कची वेगळी विचारा आणि लेखी घ्या.

थरावरथर:
ताईंनी सांगितलंय त्यात एक जोडतो. स्टीअरर तुमच्या उंचीला कापाल तेव्हा तो कापलेला तुकडा फेकू नका. अख्ख्या फ्रेमसेटमध्ये भिंतीचा आरपार छेद काही न बिघडवता बघायला मिळणारी ती एकच जागा. बारीक दात्यांचं ब्लेड वापरा, पाणी मारत कापा, मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. मग तुकड्याची कापलेली बाजू ओल्या बारीक पॉलिश पेपरवर, ६०० पासून १५०० पर्यंत, काचेवर ठेवून घासत जा, आरशासारखी झाली की भिंगाखाली धरा. थर एकावर एक गोल कड्यांसारखे दिसतील. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे का, कुठलं कडं लाटेसारखं वळलंय का, मध्ये काळे ठिपके म्हणजे हवेच्या पोकळ्या आहेत का. एखाददुसरा सुईच्या टोकाएवढा ठिपका मी मनावर घेत नाही. दोन थरांच्या मध्ये ठिपक्यांची रांग लागली असेल, किंवा नख लावून थर सुटा होत असेल, तर तो फोर्क बाइकवर चढवू नका. फोटो इथे टाका, मी बघतो.